लिव्हरपूल पाण्याकडून बघा: तीन दिवसांचा सविस्तर बेत

लिव्हरपूलला येणारे आपल्याकडचे बहुतेक पाहुणे लंडनहून सकाळच्या गाडीने येतात. बीटल्स या इथल्याच गाजलेल्या चौघा गायक-वादकांच्या पुतळ्यांजवळ फोटो काढतात, फुटबॉलच्या मैदानाला एक फेरी मारतात आणि रात्री परत लंडन गाठतात. मी नऊ वर्षं मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर, विरलमध्ये राहते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः हे शहर दाखवते आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते. हे बंदर आहे, त्यामुळे आधी नदीवर जा, गोदी बघा आणि मग टेकडी चढून गावात शिरा. या क्रमाने बघितलं की चर्च, गाणी, चायनाटाउन, भव्य कचेऱ्या यांचा एकमेकांशी असलेला संबंध आपोआप कळत जातो. मुंबई माहीत असलेल्या माणसाला तर इथे पावलोपावली ओळखीच्या खुणा सापडतात.

निघण्याआधी घरून करायची कामं

भारतीय पासपोर्ट असेल तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. तो साधारणपणे सहा महिन्यांचा असतो. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून ऑनलाइन अर्ज करता येतो. बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला सहसा तीन आठवडे लागतात, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी असते, म्हणून दीड-दोन महिने हाताशी ठेवा. बँकेचे व्यवहार, नोकरीची किंवा पेन्शनची कागदपत्रं आणि मुक्काम कुठे, हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

मे ते सप्टेंबर हा चांगला काळ. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. पाऊस कधीही येतो आणि त्याच्या जोडीला नदीवरचा वारा असतो. त्या वाऱ्यात छत्री उलटी होते, म्हणून डोक्यावर टोपी असलेलं जलरोधक जाकीटच आणा. उन्हाळ्यात आलात तरी एक स्वेटर हवाच.

कोणत्या वारी यायचं, याचा विचार फार कमी लोक करतात. शुक्रवार-शनिवारी हे शहर मौजमजेला येणाऱ्या तरुणांनी भरून जातं. हॉटेलांचे दर चढतात आणि रात्री गल्ल्यांमध्ये गोंगाट असतो. उलट सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. म्हणून मंगळवारी सकाळी फिरायला सुरुवात करून गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी निघा. एप्रिलमध्ये शहराजवळच्या एन्ट्री (Aintree) या ठिकाणी ग्रँड नॅशनल ही घोड्यांची मोठी शर्यत असते. त्या आठवड्यात खोल्या मिळणं कठीण. फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशीही तीच गत.

बीटल्समधल्या लेनन आणि मॅकार्टनी यांची घरं आतून बघायची असतील तर तिकिटं घरूनच काढा. जमिनीखाली उरलेल्या जुन्या गोदीची मार्गदर्शित फेरी कधी आहे तेही तपासा. आणखी एक महत्त्वाचं: गोदीतलं सागरी संग्रहालय, त्याच इमारतीतलं गुलामगिरीचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय आणि टेट कलादालन ही तिन्ही ठिकाणं मोठ्या नूतनीकरणासाठी बंद ठेवलेली होती. तुमच्या तारखांना ती उघडी आहेत का, हे त्यांच्या संकेतस्थळांवर बघूनच बेत पक्का करा.

पोहोचणं आणि मुक्काम

लंडनच्या यूस्टन स्थानकातून लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकापर्यंत थेट गाडीला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, आयत्या वेळी तेच कितीतरी महाग पडतं. भारतातून थेट इकडेच यायचं असेल तर लंडनला जाण्याची गरज नाही. दुबई किंवा दोहामार्गे मँचेस्टरला उतरा, विमानतळाच्या स्थानकावरूनच लाइम स्ट्रीटची गाडी मिळते.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामधला लोहमार्ग १८३० साली सुरू झाला. दोन शहरांना जोडणारी, पूर्णपणे वाफेच्या इंजिनांवर आणि वेळापत्रकाप्रमाणे धावणारी जगातली ती पहिली रेल्वे. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली ती त्यानंतर तेवीस वर्षांनी. तुम्ही ज्या लाइम स्ट्रीटवर उतरता ते स्थानक १८३६ पासून त्याच जागी चालू आहे.

मुक्काम लाइम स्ट्रीटच्या आसपास किंवा गोदीजवळ करा. शहराचा मध्यभाग आटोपशीर आहे, सगळं पायी होतं. झोप महत्त्वाची असेल तर मॅथ्यू स्ट्रीट आणि रोपवॉक्स भागातली हॉटेलं टाळा. लांब जायला मर्सीरेल नावाची लोकल आहे, ती शहराच्या पोटातून आणि नदीखालून जाते. नदीखालचा तिचा बोगदा १८८६ सालचा आहे. लंडनच्या बस-लोकलचं ऑयस्टर कार्ड इथे चालत नाही. दिवसात तीन-चार वेळा बस, लोकल, फेरी घ्यायची असेल तर एका दिवसाचा सामाईक पास कोणता सोयीचा पडेल ते स्थानकाच्या खिडकीवर विचारा. इथली माणसं मनापासून समजावून सांगतात.

पहिला दिवस: धक्का आणि गोदी

न्याहारी करून थेट पियर हेडला चालत जा. हा इथला भाऊचा धक्का. समोर पसरलेली मर्सी मातकट करड्या रंगाची आहे आणि तिला ओढ फार. भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला दहा मीटरच्या घरात जातो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण या शहराचं नशीब त्यावर ठरलं. पाणी इतकं चढ-उतार करत असेल तर गलबतातून माल उतरवायचा कसा? यावर इथल्या लोकांनी दरवाजे असलेली, पाणी अडवून धरणारी गोदी बांधली. थॉमस स्टीअर्सने बांधलेली ही गोदी १७१५ साली खुली झाली आणि अशा प्रकारची ती जगातली पहिली व्यापारी गोदी मानली जाते. पुढे ती बुजवली गेली. आज तिच्यावर लिव्हरपूल वन हा बाजार उभा आहे, पण तिच्या विटांच्या भिंतीचा एक भाग तळघरात तसाच आहे.

धक्क्यावरून आधी फेरीबोट पकडा. दिवसा नदीची साधारण पन्नास मिनिटांची फेरी असते. बाराव्या शतकात पलीकडच्या बर्कनहेडच्या मठातले साधू लोकांना होडीने पलीकडे पोचवत, तेव्हापासून ही वाहतूक चालत आली आहे. वरच्या डेकवर उभे राहा आणि बोट सुटली की मागे वळून शहराकडे बघा. काठावर तीन थोराड इमारती ओळीने उभ्या दिसतात: रॉयल लिव्हर, कुनार्ड आणि पोर्ट ऑफ लिव्हरपूल. तिन्ही १९०७ ते १९१७ या दहा वर्षांत उभ्या राहिल्या. समुद्रावरून येणाऱ्याला पहिल्या नजरेतच शहराची ऐपत कळावी, अशी ही रचना आहे. अपोलो बंदरावरून बोटीने जाताना ताज आणि गेटवे जसे नजरेत भरतात, तसंच.

रॉयल लिव्हरच्या दोन मनोऱ्यांवर दोन तांब्याचे पक्षी आहेत. एक शहराकडे बघतो, दुसरा समुद्राकडे. हे पक्षी उडून गेले तर शहर संपेल, अशी इथली समजूत. ते घडवणारा कार्ल बार्टेल्स जर्मनीहून येऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला होता. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर त्याला शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून छावणीत डांबलं. त्याचे पक्षी मात्र वर तसेच राहिले. इमारतीच्या आत तिकीट काढून मनोऱ्यापर्यंत जाता येतं. घड्याळाच्या तबकड्या बिग बेनपेक्षा मोठ्या आहेत.

बोटीवरून उतरलात की शेजारीच लिव्हरपूलचं संग्रहालय आहे. ते २०११ साली उघडलं, प्रवेश मोफत. सगळं बघायचा हट्ट धरू नका. गोद्यांच्या कडेने धावणाऱ्या उन्नत रेल्वेचा डबा तेवढा नक्की बघा. ही विजेवर चालणारी रेल्वे १८९३ ते १९५६ अशी होती, आणि गोदी कामगार पावसात तिच्याखालून चालत म्हणून तिला कामगारांची छत्री म्हणत.

मग पाच मिनिटं चालत रॉयल अल्बर्ट डॉक. दुपारचे निदान दोन तास इथे द्या. जेसी हार्टले या अभियंत्याने ही गोदी बांधली आणि १८४६ साली राणी व्हिक्टोरियाच्या पतीने, राजपुत्र अल्बर्टने तिचं उद्घाटन केलं. त्या काळी गोदामांना आगी लागून लाखोंचा माल खाक होत असे, म्हणून हार्टलेने इमारतीच्या सांगाड्यात लाकूडच वापरलं नाही. सगळं ओतीव लोखंड, वीट आणि दगड. पाण्याच्या कडेला लाल रंगाचे जाडजूड लोखंडी खांब आहेत. मध्येमध्ये खांबांची रांग तोडून मोठ्या कमानी केलेल्या दिसतील. क्रेनचा हात फिरायला जागा हवी म्हणून त्या कमानी. जहाजातला माल उचलायचा आणि थेट गोदामात टाकायचा, रस्त्यावर आणायचाच नाही. चहा, रेशीम, तंबाखू, साखर, हस्तिदंत आणि कापूस.

दोन वर्षांपूर्वी यवतमाळहून आमचे काका आले होते. त्यांचं सगळं आयुष्य कापसाच्या खरेदी-विक्रीत गेलेलं. या गोदीच्या कडेच्या ग्रॅनाइटवर ते उकिडवे बसले आणि दगडाची झिजलेली कड बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "अगं, आमच्या आजोबांच्या शेतातली एखादी गाठ इथं उतरली असेल बघ." मला तेव्हा वाटलं, या गोदीकडे बघायची खरी रीत हीच.

कापसाच्या वाटेने

पहिल्या दिवसाची संध्याकाळ या वाटेसाठी राखून ठेवा. बहुतेक पर्यटक ती करत नाहीत, आपण जरूर करावी.

डॉकवरून वॉटर स्ट्रीटने वर या. टाउन हॉल दिसेल, अठराव्या शतकाच्या मध्यातला. त्याच्या वरच्या दगडी पट्टीकडे मान वर करून नीट बघा. हत्ती आहे, मगर आहे आणि आफ्रिकन माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. शहराची श्रीमंती कुठून आली ते शहराने स्वतःच दगडात लिहून ठेवलंय. इथून सुटलेल्या जहाजांनी सुमारे पंधरा लाख आफ्रिकन माणसांना अटलांटिकपार गुलामगिरीत नेलं. ब्रिटनने १८०७ साली हा व्यापार बंद केला, तरी अमेरिकेतले गुलाम पिकवत होते तो कापूस पुढची कित्येक दशकं याच बंदरात उतरत राहिला. गुलामगिरीचं संग्रहालय उघडं असेल तर टाउन हॉल बघण्याआधी ते बघा. बंद असेल तर शहराच्या संग्रहालयात याविषयी जे आहे ते वाचून मग इथे या. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांनाही सांगा, टाळू नका.

टाउन हॉलच्या मागे एक्सचेंज फ्लॅग्ज नावाचा फरसबंदी चौक आहे. कापसाचे दलाल एके काळी इथे उघड्यावर उभे राहून सौदे करत, पावसाळी हवेतसुद्धा. हे सांगितल्यावर आमचे काका लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्या बाजार समितीचं आवारच की हे!" मध्यभागी ब्रिटिश नौदलाचा सेनापती नेल्सन याचं स्मारक आहे आणि त्याच्या पायथ्याशी साखळदंडातले कैदी बसलेले आहेत.

आता मुंबईचा धागा. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लिव्हरपूलला कापूस येईना. मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या थंडावल्या. मग या दलालांची नजर मुंबईकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरातून इकडे निघाला. सुएझ कालवा उघडायला अजून अवकाश होता, तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास करत. इथल्या कामगारांना हा माल आवडत नसे. आखूड धाग्याचा, सूत काढताना सारखा तुटायचा. तरी दर चढत गेले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी गडगंज झाले. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या बँका आणि कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या.

त्या युद्धाचा एक शेवट याच नदीत झाला, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. दक्षिणेच्या बाजूने लढणारं शेनान्डोआ हे जहाज नोव्हेंबर १८६५ मध्ये मर्सीत आलं आणि त्याने आपला झेंडा इथे उतरवला. तोवर बाकी सगळ्यांनी शरणागती पत्करून काही महिने झाले होते. सकाळी फेरीबोटीवर होतात, त्याच पाण्यात.

चौकाखाली दुसऱ्या महायुद्धातलं एक तळघर आहे. १९४१ पासून अटलांटिकवरच्या जहाजांच्या ताफ्यांचं रक्षण तिथून चालवलं जाई. आज ते तिकीट काढून बघता येतं. नकाशांची ती भली मोठी भिंत बघण्यासारखी आहे.

दुसरा दिवस: टेकडीवरची दोन चर्चं

सकाळी लिव्हरपूल कॅथीड्रलपासून सुरुवात करा. लाल वालुकाश्मातली ही वास्तू ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं कॅथीड्रल आहे. १९०३ साली स्पर्धा झाली आणि जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या बावीस वर्षांच्या तरुणाचा आराखडा निवडला गेला. बांधकाम १९०४ ते १९७८ चाललं, स्कॉट त्याआधीच १९६० साली गेला. इंग्लंडची ती प्रसिद्ध लाल टेलिफोन पेटीही त्याचीच रचना.

मुंबईकरांनी इथे थोडं थांबावं. या जाइल्सचे आजोबा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, म्हणजे फोर्टमधल्या राजाबाई टॉवरचे आणि मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचे वास्तुरचनाकार. आणि राजाबाई टॉवरला पैसा दिला तो प्रेमचंद रायचंद यांनी, आपल्या आईच्या नावाने. कापसाच्या तेजीने ज्यांना श्रीमंत केलं, त्यांच्या देणगीतून आजोबांचा मनोरा ओव्हल मैदानासमोर उभा राहिला. ज्या शहरात तो कापूस विकला जात होता, तिथे नातवाने हे कॅथीड्रल बांधलं. कॅथीड्रलच्या मधोमध उभं राहून हे पाहुण्यांना सांगायला मला फार आवडतं.

आत प्रवेश मोफत आहे. देणगीची पेटी दिसेल, यथाशक्ती टाका. मनोऱ्याला तिकीट लागतं: दोन लिफ्ट आणि वर १०८ पायऱ्या. आकडा जपमाळेचा असल्याने ज्येष्ठ मंडळी उत्साहाने चढतात, पण गुडघे दुखत असतील तर नको, पायऱ्या अरुंद आहेत. हवा स्वच्छ असेल तर वरून वेल्सचे डोंगर दिसतात. खाली उतरल्यावर शेजारच्या जुन्या दगडखाणीत उतरा. तिथे दफनभूमीची बाग केलेली आहे. शहरात एवढी शांतता दुसरीकडे नाही.

इथून होप स्ट्रीट निघते आणि थेट दुसऱ्या कॅथीड्रलला भिडते. अंतर जेमतेम पाऊण-एक किलोमीटर. वाटेत फुटपाथवर काँक्रीटच्या पेट्या आणि बॅगा रचून ठेवलेलं शिल्प आहे. १८३० ते १९३० या शंभर वर्षांत सुमारे नव्वद लाख माणसं या बंदरातून अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे कायमची गेली. त्या पेट्यांजवळ उभं राहिलं की घर सोडून आलेल्या माझ्यासारख्या कुणालाही गलबलून येतं. पुढच्या कोपऱ्यावर फिलहार्मोनिक नावाचं जुनं मद्यगृह आहे. दारू घेत नसाल तरी आत जाऊन लाकूडकाम आणि काचा बघून या. नुसतं लिंबूपाणी मागितलं तरी चालतं.

टोकाचं मेट्रोपॉलिटन कॅथीड्रल रोमन कॅथलिकांचं आहे. गोल, काँक्रीटचं, वर काचेचा मुकुट. दुष्काळाच्या काळात आयर्लंडमधून आलेल्या हजारो कुटुंबांमुळे या शहरात कॅथलिकांची संख्या फार मोठी आहे. त्यांना पहिल्यांदा हवं होतं ते प्रचंड घुमटाचं मंदिर, आणि त्याचा आराखडा केला होता एडविन लुटयेन्सने, नवी दिल्लीचा आराखडा ज्यांनी आखला त्यातला प्रमुख. १९३३ साली काम सुरू झालं, युद्धाने थांबलं, पैसा संपला आणि फक्त तळघर पुरं झालं. मग फ्रेडरिक गिबर्डने त्यावर आजची इमारत बांधली, १९६२ ते १९६७ अशा पाचच वर्षांत. दुपारी ऊन असताना आत जा. निळ्या-लाल काचांतून रंग जमिनीवर उतरतात आणि सरकत राहतात. लुटयेन्सचं तळघर तिकीट काढून जरूर बघा. विटांच्या त्या कमानींमध्ये दिल्लीचा हात ओळखू येतो.

परत उतरताना सेंट ल्यूक चर्च लागेल. १९४१ च्या मे महिन्यात झालेल्या बॉम्बवर्षावात त्याचं छप्पर गेलं. त्या आठवड्यात या परिसरात सतराशेच्या आसपास माणसं मेली. चर्च तसंच बिनछपराचं ठेवलंय, आत झाडं आहेत. त्याच्या खाली चायनाटाउन, युरोपातल्या सगळ्यात जुन्या चिनी वस्त्यांपैकी एक. तीही जहाजांवरच्या खलाशांनीच वसवली.

संध्याकाळ होण्याआधी लाइम स्ट्रीटसमोरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अर्धा तास काढा. तिथला पिक्टन वाचनकक्ष १८७९ सालचा आहे: गोल खोली, छतापर्यंत लाकडी कपाटं, हिरव्या दिव्यांची टेबलं. कुणीही आत जाऊन बसू शकतं. शेजारचं वॉकर कलादालन आणि समोरचा सेंट जॉर्जेस हॉलही मोफत आहेत. पाय थकले असतील तर नुसते बाहेरून बघा.

खाण्याचं

इथल्या माणसांना स्काउजर म्हणतात, ते स्काउज नावाच्या रश्श्यावरून. मटण किंवा गोमांस, बटाटा, गाजर, कांदा मंद आचेवर शिजवतात आणि सोबत व्हिनेगरमधली लाल कोबी किंवा बीट देतात. खलाशांचंच जेवण. महिनाअखेरीला मांस परवडत नसे तेव्हा बिनमांसाचं करत, त्याला ब्लाइंड स्काउज म्हणतात. शाकाहाऱ्यांनी हे नाव घेऊन मागावं, पण मांसाचा अर्क घातला आहे का हे विचारावं. फिश अँड चिप्सच्या दुकानातही विचारा. या भागात काही ठिकाणी बटाटे गुरांच्या चरबीत तळतात. बाकी शाकाहाराची चिंता नको. बोल्ड स्ट्रीटवर दर चार पावलांवर इराणी, ग्रीक, भारतीय खाणावळी आहेत.

दुकानात तुम्हाला 'लव्ह' म्हणून हाक मारतील, काही वेळा 'क्वीन' सुद्धा. हा जिव्हाळा आहे. 'बॉस' म्हणजे झकास आणि 'साउंड' म्हणजे बरं, ठीक. एक समज मात्र हवी: फुटबॉलमधल्या १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेबद्दल, जिच्यात ९७ चाहते गेले, इथे कधीही सहज बोलू नका. घरोघरी ती जखम अजून ओली आहे.

तिसरा दिवस: सकाळी दोन घरं, संध्याकाळी समुद्र

बीटल्स सुरुवातीला जिथे गात, तो मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लब आज मूळचा नाही. मूळ तळघर १९७३ साली बंद पडलं आणि १९८४ मध्ये काही जुन्या विटा वापरून ते पुन्हा बांधलं. दुपारी एखादं गाणं ऐकून या, तेवढं पुरे. खरी चीज म्हणजे लेनन आणि मॅकार्टनीची घरं. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची मिनीबस मोजक्या माणसांना नेते. आपलेआप गेलात तर आत सोडत नाहीत, आणि आत फोटो काढू देत नाहीत. मॅकार्टनींचं फोर्थलिन रोडवरचं घर नगरपालिकेने भाड्याने दिलेलं, आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांसारखं साधं. लेनन मावशीकडे वाढला. त्या घराच्या दारात रंगीत काचांचा इवलासा व्हरांडा आहे. मावशीला घरात गिटारचा आवाज नको असे, म्हणून तो तिथे उभा राहून वाजवायचा. त्या चिंचोळ्या जागेत दोन माणसं जेमतेम मावतात.

बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचं जन्मघर खासगी आहे, तिथल्या रहिवाशांना त्रास देऊ नये. त्याची आठवण मुंबईशी जोडलेली आहे. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत आला होता. एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून त्याने 'द इनर लाइट' या गाण्याचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची.

दुपारी वेळ असेल तर नदीखालून लोकलने पोर्ट सनलाइटला जा. लिव्हर बंधूंनी १८८८ साली साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी हे गाव वसवायला घेतलं. त्यांच्या कंपनीने पुढे १९३४ साली शिवडीला साबण बनवायला सुरुवात केली, आपल्या घरातली सनलाइटची वडी इथूनच आलेली. तिथलं कलादालनही मोफत आहे.

संध्याकाळसाठी क्रॉस्बी. सेंट्रल किंवा मूरफील्ड्स स्थानकातून साउथपोर्टकडे जाणारी लोकल घ्या आणि वीस मिनिटांनी वॉटरलू किंवा ब्लंडेलसँड्स अँड क्रॉस्बीला उतरा. किनारा तिथून दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने स्वतःच्या देहाचे साचे घेऊन ओतलेले शंभर लोखंडी पुरुष तीन किलोमीटरभर उभे आहेत. सगळ्यांचं तोंड समुद्राकडे. भरतीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा आणि ओहोटी संपून पाणी चढू लागण्याच्या सुमारास पोचा. काठाजवळच्या कोरड्या वाळूतल्या पुतळ्यांपर्यंतच जा. पुढे चिखल पाय धरून ठेवतो आणि पाणी झपाट्याने येतं, त्यामुळे लांबच्या पुतळ्याशी फोटोसाठी कुणीही जाऊ नये.

जवळच्या एका पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून बघा. गंज इतका खरबरीत की हाताला तांबडी भुकटी लागते, आणि गुडघ्यापर्यंत शिंपल्यांचा थर चढलेला. पाणी आधी लांबच्यांच्या घोट्याशी येतं, मग कमरेला, मग एकेक डोकं दिसेनासं होतं. त्यांच्यामागून एखादं मालवाहू जहाज संथपणे नदीच्या मुखाकडे वळत असतं. परतीची लोकल रात्री उशिरापर्यंत असते, तेव्हा शेवटचं डोकं बुडेपर्यंत थांबायला हरकत नाही.